पायांचें बळ आणि सूर्याचें तेज

एखाद्या चांगल्या कामासाठीं वर्गणी गोळा करावयाची झाली तर आपल्याकडे पूर्वीं नाटकाचा प्रयोग लावीत, कीर्तन ठरवीत, किंवा पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांतून एक निराळीच चाल रूढ झाली आहे. कोणी एक माणूस सायकलवर बसून शेंकडों मैलांचा पल्ला गांठण्याचा निश्चय जाहीर करतो. स्नेहीसोबती, शेजारीपाजारी आणि पुष्कळदां अनोळखी लोकहि त्याच्या श्रमांच्या नांवानें पैसे देतात. आणि तो पैसा एखाद्या इस्पितळाला किंवा संशोधनसंस्थेला जातो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९८० सालीं अवघ्या ३६ सायकलस्वारांनीं कर्करोगावरील संशोधनासाठीं असा प्रवास करून १०,२०० डॉलर जमविले, आणि तो उपक्रम पुढें वर्षानुवर्षें वाढत गेला. २००८ सालीं न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनपर्यंत जी सायकलयात्रा निघाली, तिचा हेतु हवामानाच्या प्रश्नाकडे लोकांचें लक्ष वेधावें आणि धूर न ओकणाऱ्या स्वच्छ ऊर्जेच्या कार्याला हातभार लावावा, हा होता.

रोग्यासाठीं कोणी देह झिजविला तर त्याचा अर्थ चटकन् ध्यानांत येतो. परंतु ऊर्जेच्या संशोधनाशीं सायकलस्वाराच्या घामाचा संबंध काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक श्रोत्याच्या मनांत उभा राहील. पैसे मिळविण्याचें एक निमित्त, जसें नाटक तशी सायकल, एवढेंच का तें? तसें तें नाहीं, असें दाखविणारा एक प्रसंग नजीकच्या इतिहासांत घडून गेला आहे. सायकलस्वाराच्या पायांनीं बक्षीस मिळविलें, आणि त्या बक्षिसाच्या मागोमाग सूर्यशक्तीवर उडणारें विमान व विजेवर चालणारी मोटार हीं दोन्ही जन्मास आलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

सायकल आणि पैसा यांची सांगड त्याहून पुष्कळच जुनी. १८९१ सालीं ‘ल पती जूर्नाल’ या पॅरिसच्या वर्तमानपत्रानें पॅरिसपासून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि परत, अशी सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत ठेवली, आणि शार्ल तेरों या सायकलपटूनें जवळजवळ तीन दिवस व तीन रात्री पायडल मारून ती जिंकली. १९०३ सालीं ‘लोतो’ या क्रीडापत्राचा खप वाढावा म्हणून फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल-परिक्रमा सुरू झाली. त्या एका शर्यतीनें पत्राचा खप दुपटीच्या वर गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंचें विमान प्रथम उडालें. त्या प्रयोगांचा खर्च त्यांच्या डेटन गांवच्या सायकलींच्या दुकानानें भागविला होता, ही गोष्ट या ठिकाणीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्या मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चांत परत आले. या सर्व प्रसंगीं सायकलस्वाराच्या चिकाटीचें मोल कोणी खपाच्या आंकड्यांत मोजलें, कोणी कीर्तींत मोजलें. ती चिकाटी अश्वशक्तींत काटेकोर मोजण्याची वेळ मात्र पुढें आली.

१९५९ सालीं हेन्री क्रेमर या इंग्लंडांतील उद्योगपतीनें एक चमत्कारिक बक्षीस जाहीर केलें. केवळ स्वतःच्या अंगबळानें विमान उडवून जो मनुष्य अर्ध्या मैलाच्या अंतरावर उभ्या केलेल्या दोन खांबांभोंवतीं इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा वळसा घालील, आणि आरंभीं व शेवटीं जमिनीपासून दहा फूट उंच राहील, त्याला ५,००० पौंड मिळावयाचे होते. ऐकण्यास ही अट सोपी वाटते. १९६१ सालीं साउदॅम्प्टन येथील विद्यार्थ्यांचें विमान पायडलांच्या जोरावर उडालेंहि. पुढें अनेक विमानें सरळ रेषेंत उडालीं. परंतु वळण घेण्याची वेळ आली कीं त्यांचें बळ सरे. बक्षीस पडून राहिलें. १९७३ सालीं त्याची रक्कम ५०,००० पौंड झाली आणि तें सर्व राष्ट्रांच्या नागरिकांना खुलें करण्यांत आलें. तरीहि तें कोणाच्या हातीं लागेना.

याचें कारण माणसाच्या शरीरांतच आहे. शरीराकडे इंजिन म्हणून पाहिलें तर तें फार दुबळें इंजिन आहे. कसलेला सायकलपटू घटका-दोन घटका एकसारखें काम करूं लागला तर त्याच्याकडून एका अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा मिळतो. तासन् तास चालावयाचें असेल तर त्याहूनहि कमी. क्षणभर जोर करून तो पूर्ण अश्वशक्ति दाखवील, पण लगेच धापा टाकूं लागेल. विजेच्या भाषेंत बोलावयाचें तर दोनशें ते अडीचशें वॉट. म्हणजे घरांतल्या दोन-चार पंख्यांपुरतें बळ. एवढ्या भांडवलावर मनुष्याला, यंत्राला आणि पंखांना आकाशांत तोलून धरावयाचें होतें. ज्या विमानतज्ज्ञांनीं पूर्वीं प्रयत्न केले, त्यांनीं सुबक, गुळगुळीत, कारागिरीचे नमुने म्हणावेत अशीं विमानें बांधलीं. तीं मोडलीं कीं दुरुस्तीला महिने लागत, आणि त्या महिन्यांत शिकण्याचें काम बंद पडे.

येथें पॉल मॅक्रेडी यांचा प्रवेश होतो. १९२५ सालीं जन्मलेले हे अमेरिकन गृहस्थ विमानविद्येंतील डॉक्टर होते. इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांच्या स्पर्धेंत १९५६ सालीं त्यांनीं जगज्जेतेपद मिळविलें होतें. असा विद्वान् मनुष्य या बक्षिसाकडे वळला तो विद्येच्या ओढीनें नव्हे, तर कर्जाच्या भारानें. आप्ताच्या धंद्यासाठीं त्यांनीं जामीनकी पत्करली होती. धंदा बुडाला, आणि सुमारें एक लाख डॉलरांचें देणें त्यांच्या माथीं आलें. १९७६ च्या उन्हाळ्यांत ते कुटुंबासह सहलीस गेले असतां त्यांच्या मनांत आलें कीं, क्रेमरच्या बक्षिसाचे पौंड डॉलरांत मांडले तर जवळजवळ आपल्या कर्जाएवढेच होतात! ऋणानें माणसें खचतात, तशीं तीं कधीं कधीं जागींहि होतात.

त्याच सहलींत आकाशांत घिरट्या घालणारे ससाणे व गिधाडें पाहतांना त्यांना एक साधी युक्ति सुचली. विमानाचें वजन तेवढेंच ठेवून त्याची लांबी, रुंदी व पंखांचा विस्तार तिप्पट केला, तर तें फार हळू उडेल; आणि त्याला उडण्यासाठीं लागणारें बळ तिसऱ्या हिश्शावर येईल. म्हणजे प्रश्न अधिक बळ कोठून आणावें हा नव्हता. असलेल्या बळांत भागेल एवढी गरज कशी उतरवावी, हा होता. बक्षिसाच्या मागें लागलेल्या बाकीच्या मंडळींनीं प्रश्न दुसऱ्या टोंकाकडून धरला होता.

मग सुरू झालें ते एका घरगुती कारखान्यासारखें काम. मुलें, मित्र, ओळखीचे वैमानिक असे सारे सुटीच्या दिवशीं राबूं लागले. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, पियानोच्या तारा, फळकुटें आणि पारदर्शक पातळ पटल यांतून सुमारें ९६ फूट पंखविस्ताराचें विमान उभें राहिलें. प्रवासी विमानांच्या पंखांशीं स्पर्धा करील अशी ही रुंदी, आणि वजन मात्र अवघें ७० पौंड! त्याचें नांव ‘गोसामर काँडोर’. गोसामर म्हणजे हवेंत तरंगणारा कोळ्याचा धागा, आणि काँडोर हें अमेरिकेंतील प्रचंड गिधाड. तें दिसण्यांत ओबडधोबड होतें, वरचेवर कोसळेहि. पण इतक्या मंद गतीनें कोसळे कीं चालकाला इजा होत नसे, आणि चिकटपट्टी व झाडूच्या दांड्यासारखी एखादी काठी लावून तें लवकरच पुन्हां उडविण्याजोगें होई. इतरांना एक चूक सुधारण्यास महिने लागत. येथें चुका भराभर होत आणि भराभर सुधारत. वळण घेण्याचा जो प्रश्न सर्वांना छळीत होता, तो पुढचा लहान पंख कलता करून आणि मोठ्या पंखांना किंचित् पीळ देऊन सुटला. पंखांना पीळ देण्याची मूळ युक्ति सायकलवाल्या राइट बंधूंचीच.

यंत्र झालें, पण इंजिन? तें म्हणजे ब्रायन ॲलन. हा पंचविशींतील तरुण हौशी सायकलपटू असून दोरी-कापडाच्या तरंगत्या पंखांवर उडण्यांत तरबेज होता. अंगानें सडपातळ, वजन सुमारें ६२ किलो. २३ ऑगस्ट १९७७ रोजीं सकाळच्या शांत हवेंत, कॅलिफोर्नियांतील शॅफ्टर येथें त्यानें साडेसात मिनिटांच्या आंत तो आठाचा आंकडा पुरा केला. अठरा वर्षें कोणाच्या हातीं न लागलेलें बक्षीस एका सायकलस्वाराच्या पायांनीं जिंकलें, आणि मॅक्रेडींच्या डोक्यावरचें ओझें उतरलें.

क्रेमर यांनीं लगेच दुसरें आव्हान पुढें केलें. पायांच्या बळावर इंग्लिश खाडी ओलांडणाराला एक लाख पौंड! यासाठीं नवें विमान तयार झालें. रचना तीच, पण ॲल्युमिनियमऐवजीं कार्बनतंतूंच्या नळ्या. ‘ड्यूपाँट’ या रसायन-कंपनीनें आश्रय दिला, आणि नांव पडलें ‘गोसामर अल्बॅट्रॉस’. १२ जून १९७९ रोजीं पहांटे सहाच्या सुमारास ॲलन इंग्लंडच्या फोकस्टन किनाऱ्यावरून निघाला. सायकलवरच्या दीर्घ प्रवासाची खरी कसोटी या दिवशीं समुद्रावर झाली.

प्रवास दोन तासांत उरकेल असा अंदाज होता, आणि पिण्याचें पाणीहि त्याच बेतानें घेतलें होतें. पण समोरून वारा सुटला. विमान कधीं कधीं लाटांपासून हातभर उंचीवर आलें. पाणी संपलें, रेडिओ नीट चालेना, पायांत गोळे येऊं लागले. एका क्षणीं ॲलननें हार मानली आणि विमान ओढून नेण्यासाठीं सोबतच्या नौकेस खूण केली. नौकेला खालीं येतां यावें म्हणून त्यानें उरलासुरला जोर करून विमान थोडें वर घेतलें. आणि तेथें त्याला हवा अधिक शांत लागली. तेव्हां त्यानें खूण मागें घेतली आणि पायडल मारणें चालू ठेविलें. निघाल्यापासून २ तास ४९ मिनिटांनीं फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरील वाळूवर विमान टेकलें. सरळ अंतर सुमारें ३६ किलोमीटर. ज्या उंचीवर जाण्याची त्याला हिंमत नव्हती, त्याच उंचीनें त्याला तारलें. दमलेल्या शरीराला हिशेब मांडतां येत नाहीं. तो अनुभवानेंच कळतो.

आपण मात्र तो हिशेब मांडून पाहूं. पावणेतीन तास सरासरी दोनशें-सव्वादोनशें वॉट धरले तर ॲलननें त्या सकाळीं केलेलें काम सुमारें ०.६ युनिट भरतें; म्हणजे विजेच्या बिलावर ज्याला आपण एक युनिट म्हणतों, त्याच्या अर्ध्याहून किंचित् अधिक. आतां पेट्रोलकडे पाहा. एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें ९ युनिट उष्णता सांठविलेली असते. इंजिनांत तिचा चौथा हिस्साच कामीं येतो असें धरलें, तरी दोन युनिटांहून अधिक काम हातीं पडतें. म्हणजे जें काम करतांना एका धडधाकट तरुणाच्या पायांत गोळे आले, तें तीनदां-चारदां करण्याचें सामर्थ्य एका लिटरच्या बाटलींत मावतें! गेल्या दीडशें वर्षांत मानवजात दगडी कोळशाच्या व खनिज तेलाच्या इतकी आहारीं कां गेली, याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे. आणि त्या तेलाला पर्याय शोधणें इतकें कठीण कां, याचेंहि.

हा धडा मॅक्रेडी यांनीं पुरेपूर घेतला. तिसऱ्या हिश्शाच्या अश्वशक्तीवर जर विमान चालतें, तर सूर्यकिरणांपासून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवरहि तें कां चालूं नये? सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाला होता. पण तो महाग, आणि पडलेल्या प्रकाशाचा लहानसाच अंश विजेंत रूपांतरित करणारा. त्याच्यावर उपग्रह चालवितां येत. मनुष्याला उचलण्याचें काम त्याच्याकडून होईल अशी फारशी कोणाला आशा नव्हती. मॅक्रेडी यांनीं अल्बॅट्रॉसचीच लहान आवृत्ति घेतली, पायडलांच्या जागीं विजेचा मोटर बसविला, वर सौरघट मांडले, आणि ‘गोसामर पेंग्विन’ हें विमान सिद्ध केलें. १९८० च्या मे महिन्यांत त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा मार्शल त्यांत बसून उडाला. चालक जितका हलका तितकें बरें, म्हणून ही निवड! त्याच ऑगस्टांत जॅनिस ब्राउन या शिक्षिकेनें तें सुमारें तीन किलोमीटर नेलें.

त्यानंतर ‘सोलर चॅलेंजर’ हें अधिक मजबूत विमान आलें. त्याच्या पंखांवर व शेंपटीवर मिळून १६,१२८ सौरघट होते, आणि वीज सांठविण्याची कांहींच सोय नव्हती. ढग आला कीं बळ गेलें, असा तो रोखीचा व्यवहार. ७ जुलै १९८१ रोजीं स्टीफन टाचेक हा वैमानिक पॅरिसच्या उत्तरेकडून निघाला आणि ५ तास २३ मिनिटांत २६२ किलोमीटर तोडून इंग्लंडांतील मॅन्स्टन विमानतळावर उतरला. दोनच वर्षांपूर्वीं जी खाडी सायकलस्वाराच्या पायांनीं ओलांडली, तीच आतां सूर्याच्या तेजानें ओलांडली. खाडी तीच आणि रचनेमागील विचारहि तोच. इंजिन तेवढें बदललें.

या वंशांतील पुढच्या पिढ्या थोडक्यांत सांगतों. १९८७ सालीं ऑस्ट्रेलियांत डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारें ३,००० किलोमीटरांची सूर्यशक्तीवरील मोटारींची शर्यत झाली. ती मॅक्रेडींच्या मंडळीनें ‘जनरल मोटर्स’साठीं बनविलेल्या ‘सनरेसर’ गाडीनें ताशीं ६७ किलोमीटरांच्या सरासरीनें जिंकली. त्याच सहकार्यांतून १९९० च्या आरंभीं ‘इम्पॅक्ट’ ही विजेची मोटार लोकांपुढें आली. तिची खरी करामत विजेच्या सांठ्यांत नव्हती. आकार असा निमुळता व अंग असें हलकें केलें होतें कीं, तिला हवेचा अडथळा सामान्य मोटारींच्या जवळजवळ निम्मा होई, आणि थोड्या सांठ्यांत तिचें भागे. १९९६ पासून ‘ईव्ही-१’ या नांवानें ती कॅलिफोर्निया व ॲरिझोना येथें भाड्यानें दिली जाऊं लागली. पण कंपनीचें मन बदललें. गाड्या परत मागविण्यांत आल्या आणि बहुतेक मोडींत काढण्यांत आल्या. चालविणारांपैकीं कित्येकांनीं त्या विकत मागितल्या होत्या, त्याचा उपयोग झाला नाहीं. आकाशांत मात्र ती परंपरा चढतच गेली. १३ ऑगस्ट २००१ रोजीं ‘हेलिओस’ या त्यांच्या चालकविरहित सौरविमानानें ९६,८६३ फुटांची उंची गांठली. पुढें २००३ सालीं तें समुद्रांत कोसळलें. मॅक्रेडी २००७ सालीं निवर्तले.

या इतिहासाचा आपण अर्थ काय लावावा? पैशाच्या बाजूनें पाहिलें तर एका माणसाचें कर्ज, एका धनिकाचें बक्षीस आणि एका कंपनीचा आश्रय यांतून हें सारें घडलें. ईव्ही-१ च्या कथेंत या आधारांची मर्यादाहि दिसते. धनिकाची मर्जी फिरली किंवा कंपनीचा हिशेब बदलला कीं चांगलें चाललेलें काम तेथल्या तेथें थांबतें. संशोधन सबंध पिढीपर्यंत चालावयाचें असेल तर त्याच्या पाठीशीं अनेकांच्या लहान लहान वर्गण्या हव्यात. म्हणजे एकाच्या रुसण्यानें तें बंद पडत नाहीं. सायकलयात्रेचा पैसा हा या जातीचा पैसा आहे.

परंतु पैशाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. जो मनुष्य स्वच्छ ऊर्जेच्या नांवानें दिवसभर सायकल चालवितो, त्यानें शंभर वॉटांनीं आठ तास काम केलें, तरी सायंकाळीं त्याच्या खात्यावर एक युनिटहि जमत नाहीं. तेवढी वीज आपण कांहीं रुपयांत विकत घेतों आणि विसरतों. एका युनिटाला किती श्रम पडतात, हें ज्याच्या मांड्यांना ठाऊक आहे, तो दिवा मालवितांना आळस करणार नाहीं. आणि त्यानें वर्गणी मागितली तर त्याच्या मागण्याला एक वजन येतें. तेल महाग झालें किंवा कोळशाच्या धुरानें हवा बिघडली कीं आपण नव्या शक्तीचा शोध लावा म्हणून शास्त्रज्ञांकडे बोट दाखवितों. तो शोध लागलाच पाहिजे. पण मॅक्रेडींनीं आधीं गरज उतरविली, मगच सूर्य पुरेसा पडला. सूर्याला सायकलस्वाराच्या मागून बोलाविलें, हा क्रम विसरण्यासारखा नाहीं.

त्या दोन विमानांपैकीं ‘काँडोर’ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमानसंग्रहालयांत आहे. राइट बंधूंचें विमानहि त्याच संग्रहालयाच्या मालकीचें आहे. सायकलींच्या दुकानांतून निघालेलें एक आणि सायकलस्वाराच्या पायांनीं उडालेलें दुसरें, अशीं तीं एका घरचींच म्हणावयाचीं. पहिल्यानें माणसाला उडावयास शिकविलें. किती थोडक्यांत उडतां येतें, हें दुसऱ्यानें शिकविलें. आणि येणाऱ्या काळांत आपणांस या दुसऱ्या विद्येचीच गरज अधिक पडणार आहे.